समुद्रात समोरून वारा आला की पॅडलबोर्डवर मन कसं टिकवायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे नागपूरचे आहेत, खिंडसी तलावाच्या पाण्यावर पॅडलबोर्ड (उभं राहून पॅडलने, म्हणजे लांब वल्ह्याने, चालवायची फळी) शिकले. डिसेंबरात मालवणला गेले. सकाळी दांडी किनाऱ्यावरून निघाले आणि तारकर्लीपर्यंत मजेत पोचले. दुपारी परत फिरले तर समोरून वारा. ते लिहितात, "हात चालत होते, पण अर्ध्या वाटेत डोकंच बंद पडलं. थांबलो की मागे जात होतो." शेवटी एका मच्छीमार होडीने त्यांना आणलं. फेब्रुवारीत परत जायचं आहे. मन खंबीर कसं करायचं आणि हवा भरून फुगवायच्या बोर्डाऐवजी हार्ड, म्हणजे न फुगवायचा टणक बोर्ड घ्यावा का, असे दोन प्रश्न आहेत.

मी इकडे तलावावर शिकवतो आणि हिवाळ्यात मंडळींना कोकणात घेऊन जातो. तलावावर तयार झालेला माणूस समुद्रात बहुतेक वेळा नेमका इथेच अडकतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी त्या दुपारी काय झालं ते बघू. कोकणात हिवाळ्यात पहाटेपासून सकाळपर्यंत जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहतो. किनाऱ्यालगत त्या वेळी पाणी अगदी सपाट असतं. ऊन चढलं, जमीन तापली की वारा फिरतो आणि समुद्राकडून खारा वारा सुरू होतो. मालवणच्या बाजूला तो दुपारी बहुधा पश्चिमेकडून किंवा वायव्येकडून येतो. दांडीहून तारकर्ली दक्षिणेला आहे. म्हणजे जाताना पाणी शांत होतं आणि परतीची उत्तरेकडची वाट नेमकी वाऱ्याच्या तोंडावर होती. हे तिथे हंगामात जवळजवळ रोज होतं, आणि दांडीवरचा कुठलाही होडीवाला सकाळी विचारलं असतं तर सांगता.

हे सांगण्याचं कारण हवामानाचा धडा देणं नाही. मन पहिल्यांदा खचतं ते वाऱ्याने नाही, अचानकपणाने खचतं. दुपारी एक वाजता वारा उठणार हे ज्याला ठाऊक आहे तो एक वाजता वारा उठल्यावर कामाला लागतो. ज्याला ठाऊक नाही तो पहिली वीस मिनिटं "हा कमी होईल" या आशेवर घालवतो, आणि ती आशा मोडते तेव्हा तिच्यासोबत बरंच काही मोडतं. तुमच्या वर्णनात "वाटलं थोड्या वेळाने पडेल" हे वाक्य दोनदा आलं आहे. खारा वारा दुपारी पडत नाही, वाढतो. उतरतो तो संध्याकाळकडे.

दुसरी गोष्ट आकड्यांची आहे. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की तुमच्या अंगावर आणि बोर्डावर येणारा जोर चौपट होतो. ताशी 10 किलोमीटरचा वारा 20 झाला तर नुसतं "थोडं जड" होत नाही. म्हणून समोरच्या वाऱ्यात "जमतंय" पासून "हलतच नाही" पर्यंतचं अंतर फार पटकन कापलं जातं. तेवढ्या वेळात तुमची ताकद काही संपलेली नसते, पण मन निष्कर्ष काढतं की आपण संपलो. हा चुकीचा निष्कर्ष मी कितीतरी धडधाकट माणसांच्या चेहऱ्यावर उमटताना पाहिला आहे. त्यात जिममध्ये घाम गाळणारे जास्त, कारण त्यांना आपल्या दंडांवर भरवसा असतो आणि तो भरवसा असा उघड्यावर कधी पारखलेला नसतो.

आणि तलावावरून आलेल्याला सगळ्यात जास्त धक्का देणारी गोष्ट तुम्हीच लिहिली आहे, थांबलं की मागे जाणं. वर्धा रोडवर समोरच्या वाऱ्यात सायकल चालवली असेल तर कल्पना येईल. दम लागला की तुम्ही पाय टेकवता आणि जिथे आहात तिथेच राहता, कमावलेलं अंतर तुमचंच असतं. बोर्डावर तसं नाही. समजा वाऱ्यात तुमचा वेग ताशी 2 किलोमीटर उरला आहे. चार मिनिटांत सुमारे 130 मीटर पुढे गेलात. मग एक मिनिट उभ्यानेच थांबलात आणि तेवढ्याच वेगाने मागे वाहत गेलात, तर 30-35 मीटर गेले. पाव कमाई गेली. हे दोन-तीनदा झालं की मनात येतं, काही उपयोग नाही. उपयोग असतो, तीन चतुर्थांश असतो, पण तो दिसत नाही.

म्हणजे माझ्या मते प्रश्न खंबीरपणाचा नाहीच. त्या दुपारी तुम्ही मनाला एकच काम दिलं होतं, "दांडी गाठायची". दांडी तीन-चार किलोमीटरवर, एरवी पाऊण तासाची. वाऱ्यात तेच अंतर अडीच तासांचं होतं. अडीच तास ज्या खुणेकडे बघायचं ती जागची हलत नसेल तर कोणाचंही डोकं बंद पडेल. समोरच्या वाऱ्यात मनाला लहान लहान, लगेच पुरी होणारी कामं द्यावी लागतात, आणि मोठा निर्णय, म्हणजे पुढे जायचं की सोडायचं, तो पाण्यात घ्यायचाच नाही. तो किनाऱ्यावर कोरड्या अंगाने घेऊन ठेवायचा.

आधी लहान कामं सांगतो.

पहिलं काम नजरेचं. समोर लांब बघू नका, बाजूला किनाऱ्याकडे बघा. तिथे दोन उभ्या गोष्टी निवडा, एक पाण्याजवळची, एक तिच्या बरीच मागची. मागच्या एका फेरीत दांडी आणि तारकर्लीच्या मधल्या वायरी गावासमोर एक विद्यार्थिनी अशीच अडकली होती. जबडा आवळलेला, खांदे कानाला लागलेले, नजर लांबच्या एका लाल कौलांच्या घरावर खिळलेली. मी शेजारी गुडघ्यावर पॅडल मारत होतो. म्हटलं, घर सोड, उजवीकडे ते वाळूतलं सुरूचं झाड बघ, आणि त्याच्या मागे वाकडा माड. माड सुरूच्या अगदी आड होता. पंधरा-वीस स्ट्रोक झाले तशी माडाची झावळी सुरूच्या पुढच्या बाजूने बाहेर आली, मग बुंधा, मग पूर्ण माड. ती काही बोलली नाही, पण खांदे खाली आले. आपण सरकतोय याचा तो पुरावा होता, आणि तो डोळ्यांना दोन मिनिटांत मिळाला होता. मग पुढची जोडी, एक विजेचा खांब आणि एक पांढरी भिंत. असं जोड्या जोडत आम्ही किनाऱ्याने वर गेलो. हेच साधन उलटंही खरं सांगतं. पाच मिनिटं जीव लावून पॅडल मारूनही माड सुरूच्या आडून बाहेर येत नसेल, तर तुम्ही सरकत नाही आहात. तेव्हा किनारा गाठायचा.

दुसरं काम हातांचं. लांब, ताकदीचा स्ट्रोक समोरच्या वाऱ्यात निरुपयोगी आहे, कारण दोन स्ट्रोकमधल्या रिकाम्या वेळात बोर्ड थांबतो. आखूड आणि भरभर मारा. पातं पायाच्या पुढे पाण्यात पूर्ण बुडवा, पायापाशी आलं की काढा. हवेतून पुढे नेताना पातं आडवं करा, नाहीतर वारा त्याच्यावरच बसतो. समायोज्य पॅडल असेल तर थोडं आखूड करा. आणि मोजा. एका बाजूला आठ, दुसऱ्या बाजूला आठ. आकडे बोटांवर नाही, तोंडाने मोजा, म्हणजे श्वासही सुटत राहतो. घाबरलेला माणूस श्वास धरून ठेवतो आणि पॅडल गच्च आवळतो, मग हाताला वांब येतो आणि त्याला वाटतं ताकद गेली. मोजणाऱ्याला श्वास धरता येत नाही, एवढं साधं कारण आहे.

तिसरं काम वारा वाचण्याचं. वारा एकसारखा वाहत नाही, झोत येतात. झोत येण्याआधी पाण्यावर दिसतो. दूरवर पाण्याचा रंग काळपट होतो, बारीक सुरकुत्या पडलेला एक पट्टा तुमच्याकडे धावत येतो. तो येईपर्यंत चार-पाच सेकंद असतात. त्यात गुडघे वाकवा किंवा खाली बसा आणि झोत अंगावर असेपर्यंत फक्त जागा राखा, पुढे जायचा हट्ट नको. झोत ओसरला की वीस स्ट्रोक मनापासून मारा. सगळी कमाई याच मधल्या वेळात होते. ही लय सापडली की माणूस वाऱ्याशी भांडणं सोडतो आणि डोक्याला सतत काहीतरी करायला मिळतं.

आता गुडघ्यांबद्दल. तुमच्या लिहिण्यात एक ओळ आहे, "शेवटपर्यंत उभाच होतो." त्यात अभिमान दिसतो. माझ्या अनुभवात समोरच्या वाऱ्यात लोकांना सगळ्यात जास्त नडतो तो हाच. उभा माणूस शिडासारखा वारा धरतो. गुडघ्यावर बसलात की वाऱ्याला भिडणारं अंग बरंच कमी होतं, तोलही सुधारतो. त्याहून जोर असेल तर पालथं झोपायचं, पॅडल छातीखाली दाबायचं, पातं पुढे, आणि हातांनी पाणी कापायचं. हळू वाटतं, पण ज्या वाऱ्यात उभा माणूस मागे जातो त्यात झोपलेला पुढे जाऊ शकतो. आणि विसावा घ्यायचा तर तोही पालथंच, उभ्याने नाही. वर सांगितलेली ती पाव कमाई त्याने बरीचशी वाचते. माझ्या गटात नियम आहे: पहिल्या पांढऱ्या लाटेला सगळ्यांनी एकदा गुडघ्यावर यायचं, गरज असो नसो. एकदा सगळे बसले की कोणाला कमीपणा वाटत नाही. तुम्ही एकटे असाल तरी हा नियम स्वतःला लावा. दमल्यावर नाही, दमण्याआधी.

एक उदाहरण सांगतो, कारण हे दम नसलेल्यांचे उपाय आहेत असं कोणी समजू नये. दक्षिण आफ्रिकेचे क्रिस बर्टिश यांनी 2016-17 मध्ये मोरोक्कोपासून कॅरिबियनमधल्या अँटिग्वापर्यंत एकट्याने पॅडलबोर्डवर अटलांटिक पार केला, 93 दिवसांत. बोर्ड खास बांधलेला होता, त्यावर झोपायला छोटी केबिन होती. वाट निवडली तीच मुळी व्यापारी वारे पाठीशी राहतील अशी. जिद्द त्या माणसापेक्षा जास्त कोणाकडे असणार? तरी त्यांनी वाऱ्याच्या दिशेशी वैर धरलं नाही.

आता मोठा निर्णय. तुमच्या प्रश्नात मला जे सर्वांत जास्त टोचलं ते हे: दांडीपासून तारकर्लीपर्यंत बहुतेक सगळी वाट वाळूच्या किनाऱ्याची आहे. तुम्ही डोकं बंद पडेपर्यंत झगडत होतात तेव्हा उजव्या हाताला वाळू होती. कुठेही किनाऱ्याला लागून, बोर्डातली हवा काढून, पिशवी पाठीवर टाकून रस्त्यावर रिक्षा करता आली असती. वारा समुद्राकडून असल्याने तो तुम्हाला तिकडेच नेत होता. तुम्हाला हे माहीत नव्हतं असं नाही, तुम्ही हुशार आहात. पण "दांडीला परत जायचं" एवढंच डोक्यात घेऊन निघालात, आणि ऐन झगड्यात नवा पर्याय कोणालाच सुचत नाही. म्हणून पर्याय आधी ठरवून घ्यायचा, आणि सोबतच्याला मोठ्याने सांगून ठेवायचा.

मी असं ठरवतो. सकाळी निघण्याआधी दिवसभराचा तासागणिक वारा बघतो. भारतीय हवामान विभाग मच्छीमारांसाठी इशारे देतो, हैदराबादची इन्कॉइस संस्था समुद्रस्थितीचा अंदाज देते, फोनवरची ॲप आहेतच. मग तीन गोष्टी ठरतात. एक, किती वाजता पाण्याबाहेर असायचं. हिवाळ्यात कोकणात मी नवख्यांना अकरापर्यंत बाहेर काढतो. दोन, काय दिसलं की वळायचं. चहूकडे पांढरे तुरे दिसू लागले म्हणजे वारा साधारण ताशी 20 किलोमीटरच्या पुढे गेला, आणि हवेचा बोर्ड घेऊन तलावावरून आलेल्या माणसासाठी ती माझी हद्द आहे. तीन, वाटेत कुठे कुठे लागता येईल. या तिन्हींवर पाण्यात चर्चा होत नाही. वेळ झाली की वळायचं, अंगात दम असला तरी. याचा मनावर होणारा परिणाम विलक्षण असतो. ज्याला सुटायची जागा ठाऊक आहे तो शांतपणे जोर लावतो.

किनाऱ्याला लागताना एकच काळजी घ्या: लाटा फुटतात तिथे बोर्ड तुमच्या आणि समुद्राच्या मध्ये येऊ देऊ नका. लाट तो उचलून तुमच्यावर आपटते. गुडघाभर पाण्यात आलात की उतरून बोर्डाच्या समुद्राकडच्या बाजूला राहा.

इथपर्यंतचं सगळं समुद्राकडून येणाऱ्या किंवा किनाऱ्यालगतच्या वाऱ्याबद्दल झालं. जमिनीकडून वारा असेल तर हिशोब उलटतो, आणि तो सगळ्यात फसवा प्रकार आहे. किनाऱ्यावर उभं राहिलं की पाणी काचेसारखं दिसतं, वारा जाणवतही नाही, आणि दोनशे मीटर आत गेल्यावर तो तुम्हाला पुढेच नेत राहतो. परतीचा प्रत्येक स्ट्रोक समोरच्या वाऱ्यात, आणि हरलात तर मागे खुला समुद्र. इथे मनाला धीर धरायला शिकवू नका, घाई करायला शिकवा. मागे वाहतोय अशी शंका आली त्याच क्षणी पालथे पडा, नाकासमोर किनाऱ्याकडे निघा आणि पाच मिनिटांत फरक पडला नाही तर मदत मागा. शिट्टी, दोन्ही हात वर, फोन. तटरक्षक दलाचा 1554 क्रमांक फोनमध्ये हवा आणि फोन पाणी न शिरणाऱ्या पिशवीत, अंगाला बांधलेला. काहीही झालं तरी बोर्ड सोडून पोहायला निघायचं नाही. पायाची लीश, म्हणजे पाय बोर्डाला बांधणारी दोरी, यासाठीच असते. रिकामा बोर्ड वाऱ्यावर इतका वेगाने पळतो की चांगला पोहणाराही त्याला गाठू शकत नाही. पडलात तर आधी बोर्ड धरा, त्याचं टोक वाऱ्याकडे वळवा, मग चढा, नाहीतर वारा तो पालथा करतो.

देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते तिथेही जपून. ओहोटीचं पाणी बाहेर जात असताना समोरून वारा आला की लाटा आखूड आणि उभ्या होतात. तिथे दुपारी जाऊच नका.

नागपुरात राहून याची तयारी होते का? बरीच होते. तलावावर वाऱ्याला धावायला समुद्राएवढी जागा नसते, म्हणून लाटा मोठ्या होत नाहीत, पण वारा खराच असतो. आपल्याकडे मार्च-एप्रिलमध्ये ऊन चढलं की जमीन तापून वारा सुटतो, तेव्हा सकाळी नऊच्या सुमाराचा तास उत्तम. खिंडसीला वाऱ्याच्या दिशेने दोन झाडं नक्की करा आणि तेच अंतर उभ्याने, गुडघ्यावर आणि पालथ्याने कापून वेळ लावा. तिन्हींमधला फरक एकदा घड्याळावर बघितला की पुढे गुडघ्यावर बसायला मन नाही म्हणत नाही. दमल्यावर मुद्दाम पाण्यात पडून पुन्हा चढायचा सराव करा, कारण समुद्रात पडाल तेव्हा दमलेलेच असाल. लाइफ जॅकेट आणि लीश तलावावरही. आणि विदर्भात एप्रिल ते जून दुपारनंतर ढग जमले, गडगडलं, की सरळ बाहेर. उघड्या पाण्यावर तुम्हीच सगळ्यात उंच असता.

पाण्याचंही सांगतो, पिण्याच्या. आपण नागपूरकर मे महिना सोसतो म्हणून समुद्रावरच्या उन्हाला हलकं घेतो. तिथे वाऱ्याने घाम जागच्या जागी वाळतो, तहान कळत नाही. तुमचं डोकं बंद पडण्यात याचाही वाटा असू शकतो. तुम्ही सकाळपासून अर्धा लिटरच प्यायल्याचं लिहिलंय. कमीत कमी दीड लिटर सोबत ठेवा, आणि दर अर्ध्या तासाला दोन घोट, तहान लागो न लागो.

तुमचं वजन, बोर्डाची रुंदी, फिन (बोर्डाखालचा पर), लाटांची दिशा यावर यातले आकडे बदलतील. मी दिलेल्या हद्दी माझ्या शिकाऊ मंडळींसाठी आहेत. तुमच्या हद्दी खिंडसीवर घड्याळ लावून तुम्हालाच काढाव्या लागतील.

राहिला हार्ड बोर्ड. समोरच्या वाऱ्यात तो सरस असतो यात शंका नाही. पाण्यात खोल बसतो, वारा कमी धरतो, टोक उडत नाही. पण साडेदहा फुटांची ती वस्तू नागपूरहून कुडाळपर्यंत रेल्वेने नेणं तुम्हाला जमणार नाही, आणि तुमची ती दुपार बोर्डामुळे बिघडली नव्हती. तेच पैसे चांगल्या लीशवर, मोठ्या फिनवर, लाइफ जॅकेटवर आणि दाबाचा काटा असलेल्या पंपावर घाला. तुमच्या फोटोत बोर्ड मधोमध वाकलेला दिसतोय, म्हणजे हवा कमी होती. बोर्डावर जो दाब लिहिला आहे, बहुतेकांवर 15 पीएसआय, तेवढा पूर्ण भरा. वाकलेल्या बोर्डाचं टोक वाऱ्यात वर उचललं जातं. फेब्रुवारीत जाताना उलटं करून बघा: तारकर्लीला मुक्काम, सकाळी सातला शांत पाण्यात किनाऱ्याला धरून दांडीकडे, आणि वारा उठला की तोच पाठीशी घेऊन परत. निघण्याआधी किनाऱ्यावरच्या होडीवाल्याला आजचा वारा कसा राहील ते विचारा, आणि किती वाजता परत येणार ते त्याला सांगून ठेवा.